एकोणीस विजय, एकतीस पराभव आणि पुढचे पाच महिने

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की पुढच्या वेळी बेसबॉलच्या एकाच मोसमाबद्दल बोलू, मोसम तुम्ही निवडा. पत्रं आली ती बहुतेक वॉशिंग्टन नॅशनल्सच्या 2019 च्या मोसमाबद्दल. फार बरं वाटलं. मी 1998 पासून व्हर्जिनियात राहते. 2008 मध्ये नॅशनल्स पार्क उघडलं, तेव्हापासून दर मोसमात पंधरा-वीस सामने वरच्या मजल्यावर, पहिल्या बेसच्या बाजूला बसून बघते आणि प्रत्येकाचा स्कोअर पेन्सिलीने वहीत लिहिते. बाकीचे सामने रेडिओवर. 2019 ची वही आत्ता समोर उघडी आहे, तिच्यात बघत उत्तरं देते.

ताई, 23 मे 2019 ला नॅशनल्सचे 19 विजय आणि 31 पराभव होते. ऑक्टोबरच्या अखेरीस तीच टीम वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम मालिका, जिंकली. याला चमत्कार नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? (मेरीलँडमधले एक वाचक)

चमत्कार म्हटलं की विचार करायचं काम संपतं, म्हणून मला तो शब्द नको वाटतो.

23 मे चा दिवस मला चांगला आठवतो. न्यूयॉर्कला मेट्सविरुद्ध चार सामने होते आणि चारही हरलो. चौथ्या दिवशी आठव्या इनिंगमध्ये आपण 4-3 ने पुढे होतो. मॅनेजर डेव्ह मार्टिनेझ पंचांशी भांडून मैदानाबाहेर गेले, आणि त्याच इनिंगमध्ये कार्लोस गोमेझने तीन धावांचा होमरन मारला. 6-4. मी ऑफिसातून लवकर निघून गाडीत रेडिओ ऐकत होते. पुढचा अर्धा तास रेडिओ बंद ठेवून गाडी चालवली. दुसऱ्या दिवशीपासून मॅनेजरला काढा अशी ओरड सगळीकडे सुरू झाली.

पण त्या पन्नास सामन्यांची पानं उलटून बघा. ट्रे टर्नर हा शॉर्टस्टॉप, टीमचा सगळ्यात वेगवान धावपटू. 2 एप्रिलला बंट करताना, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू नुसता हलकेच टेकवताना, त्याच्या बोटावर चेंडू बसला, हाड मोडलं, आणि तो मे महिना अर्धा सरल्यावर परतला. अँथनी रेंडनच्या कोपराला चेंडू लागला, तो एप्रिलच्या अखेरीस बाहेर. वान सोटोची पाठ धरली, तो मे च्या सुरुवातीला बाहेर. रायन झिमरमनचा पाय दुखावलेला. म्हणजे ज्यांच्या जिवावर धावा व्हायच्या, ते चौघे एका वेळी मैदानावर क्वचितच दिसले. आणि जे सामने हातात होते, ते बुलपेनने घालवले. बुलपेन म्हणजे सुरुवातीचा पिचर थकला की मागून येणारे पिचर. त्यांच्या हाती आघाडी सोपवायची म्हणजे पोटात गोळा यायचा. मे च्या सुरुवातीला पिचिंग कोचही बदलला होता.

सुरुवातीचे पिचर मात्र पहिल्यापासून उत्तम होते: मॅक्स शर्झर, स्टीफन स्ट्रासबर्ग, पॅट्रिक कॉर्बिन, अनिबाल सांचेझ. असे चार जण असलेली टीम 162 सामन्यांच्या मोसमात फार काळ तळाशी राहू शकत नाही. हे मी मागाहून म्हणते असं वाटेल, पण वहीत 24 मे च्या पानाच्या समासात मी तेव्हाच लिहिलंय: "टर्नर, रेंडन, सोटो परत आले. आता बघू." पुढच्या 112 पैकी 74 सामने जिंकले. जुलैतल्या ऑल-स्टारच्या सुट्टीपर्यंत 47-42, मोसमाच्या शेवटी 93-69. शेवटचे आठ सामने तर ओळीने जिंकले.

मालकांनी मॅनेजरला काढलं नाही, याचं श्रेय मी त्यांना देते. मार्टिनेझ रोज एकच सांगायचे: आजच्या दिवसापुरते 1-0 व्हा. 19-31 या आकड्याकडे बघत बसलं असतं तर त्या मुलांचे हातच गळाले असते. सप्टेंबरात याच माणसाला छातीत दुखू लागलं म्हणून सामना चालू असताना रुग्णालयात न्यावं लागलं. काही दिवसांत ते परत डगआउटमध्ये उभे होते. मला ते फार आवडतात, हे लपवून उपयोग नाही.

आम्ही क्रिकेटवर वाढलेली माणसं. एका टीमने सहा महिन्यांत 162 सामने खेळायचे, मग त्यातल्या एखाद्या सामन्याला किंमत ती काय? (न्यू जर्सीतल्या एक वाचक)

एकट्या सामन्याला खरंच थोडी किंमत आहे, आणि मला त्यातच या खेळाची गोडी वाटते. त्या वर्षी लॉस एंजेलिस डॉजर्सनी 106 सामने जिंकले, म्हणजे 56 हरले. इतकी मोठी टीम 56 वेळा हरून घरी गेली! दहापैकी सहा जिंकले की तुम्ही थोर. त्यामुळे आज हरलो तरी उद्या संध्याकाळी सातला पुन्हा खेळायचंच असतं. त्यात रोज वेगळा पिचर सुरुवात करतो, एकाची पाळी साधारण पाचव्या दिवशी येते. शर्झरच्या दिवशीची टीम आणि पाचव्या पिचरच्या दिवशीची टीम या जवळजवळ दोन वेगळ्या टीम असतात.

क्रिकेटचा सामना आपण सण असल्यासारखा बघतो. बेसबॉलचं तसं नाही, तो घरात वावरतो. सातला रेडिओ लावते, पोळ्या होईपर्यंत तिसरी इनिंग आलेली असते, भांडी आवरेपर्यंत सातवी. एप्रिलमध्ये ज्यांची नावंही धड माहीत नव्हती, ते ऑगस्टपर्यंत घरच्यासारखे होतात. कोण दमलाय, कोणाचा खांदा दुखतोय, कोणाला नुकतंच बाळ झालंय, सगळं कळत असतं. तुम्ही एकच करा. एका टीमचे सलग तीन आठवडे ऐका, रोज. मग मला पुन्हा लिहा.

तुम्ही वहीत स्कोअर लिहिता म्हणजे नेमकं काय लिहिता? मी सातवीत आहे, मला शिकायचंय. (व्हर्जिनिया)

तुझं पत्र वाचून मी वहीचं एक कोरं पान फाडून बाजूला ठेवलंय, तुझ्यासाठी.

आधी आकडे पाठ कर. मैदानावरच्या प्रत्येक जागेला एक आकडा असतो. पिचर 1, कॅचर 2, पहिला बेस 3, दुसरा बेस 4, तिसरा बेस 5, शॉर्टस्टॉप 6, डावं मैदान 7, मधलं 8, उजवं 9. शॉर्टस्टॉप 5 असावा आणि तिसरा बेस 6, असं तुला वाटेल. मलाही वाटायचं. पण तसं नाही, आणि इथेच सगळे चुकतात.

आता पानावर डावीकडे बॅटरांची नावं एकाखाली एक, आणि वर आडव्या ओळीत इनिंग 1 ते 9. प्रत्येक बॅटरच्या प्रत्येक पाळीला एक चौकोन. चौकोनात एक छोटा हिरा असतो, म्हणजे चार बेस. बॅटर पहिल्या बेसवर पोहोचला की हिऱ्याची खालची उजवी कड गडद करायची, दुसऱ्यावर गेला की पुढची. चारही कडा झाल्या म्हणजे धाव झाली, मग मी हिरा आतून भरते. चेंडू शॉर्टस्टॉपकडे गेला, त्याने दुसऱ्या बेसला दिला, तिथून पहिल्याला, आणि दोघे बाद झाले, तर 6-4-3 लिहायचं. तीन आकड्यांत अख्खी धावपळ आली.

तीन स्ट्राइक होऊन बाद झाला तर इंग्रजी के अक्षर. बॅट फिरवून चुकला असेल तर सरळ के. नुसता उभा राहिला आणि पंचांनी तिसरा स्ट्राइक दिला, तर के उलटा काढायचा, आरशात दिसतो तसा. मला या उलट्या के चं फार कौतुक आहे. वर्षांनंतर पान उघडलं तरी कळतं की तो माणूस बॅट खांद्यावर ठेवून उभा होता.

पेन्सिलीनेच लिही. शाईने लिहू नकोस, पंच निर्णय बदलतात. आणि सामना बघताना फोन बाजूला ठेव, नाहीतर चौकोन रिकामे राहतात.

ब्राइस हार्पर आपल्याला सोडून फिलाडेल्फियाला गेला, तेव्हा तुम्हाला राग आला नाही? (एक वाचक)

वाईट वाटलं. एकोणीस वर्षांचा असल्यापासून त्याला इथे खेळताना बघितलं होतं. 2019 च्या मोसमाच्या तोंडावर तो 13 वर्षांच्या, 33 कोटी डॉलरच्या करारावर गेला. राग धरावा असं मला वाटलं नाही. खेळाडूची कारकीर्द थोडी असते आणि करार संपल्यावर तो कुठेही जायला मोकळा असतो. हा हक्क मिळवायला खेळाडूंना वर्षानुवर्षं भांडावं लागलं आहे. एप्रिलमध्ये तो पाहुणा म्हणून इथे आला तेव्हा लोकांनी शिट्ट्या मारून हुर्यो उडवली. मी मारल्या नाहीत.

मात्र तो गेल्याने टीम जिंकली, असं जे म्हणतात ते मला पटत नाही. त्याच हिवाळ्यात कॉर्बिनला 14 कोटींचा करार देऊन आणलं, त्याने टीम जिंकली. रेंडनने आपल्या बॅटिंगवर 126 धावा घरी आणल्या, त्या वर्षी सगळ्या मेजर लीगमध्ये सर्वाधिक. त्याने टीम जिंकली.

त्या शार्कच्या गाण्याची काय भानगड होती? (एक आजी, नातवाच्या वतीने)

मे महिन्यात हेरार्डो पार्रा नावाचा खेळाडू आला. सॅन फ्रान्सिस्कोने त्याला सोडून दिलं होतं. जूनमध्ये त्याची बॅट पार थंड पडली. बॅटिंगला येताना प्रत्येक खेळाडूचं एक गाणं वाजतं. त्याने स्वतःचं गाणं बदलून दोन वर्षांच्या लेकीला आवडणारं शार्कचं बालगीत लावलं. हिट मिळू लागले, आणि त्याने ते गाणं तसंच ठेवलं. ऑक्टोबरपर्यंत चाळीस हजार माणसं, त्यात सुटाबुटातले वकीलसुद्धा, दोन्ही हात लांब करून शार्कच्या जबड्यासारखे मिटत होते. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक पंच्याऐंशीच्या आसपासचे गृहस्थ बसतात. ते तर उभे राहून करायचे. तुमच्या नातवाला सांगा, बाबाने लेकीसाठी लावलं होतं.

शर्झरचं नाक मोडलं आणि दुसऱ्या दिवशी तो खेळला, ही गोष्ट खरी आहे का? पिचर असून तो बॅटिंगचा सराव कशाला करत होता? (पेनसिल्व्हेनियातले एक वाचक)

अगदी खरी. 18 जूनला बंटचा सराव करताना चेंडू बॅटला लागून उलटा त्याच्या तोंडावर आला आणि नाकाचं हाड मोडलं. 19 ला फिलाडेल्फियाविरुद्ध दोन सामने होते. दुसऱ्या सामन्यात तो उजव्या डोळ्याभोवती काळंनिळं वर्तुळ घेऊन उतरला, सात इनिंग टाकल्या, दहा जणांना स्ट्राइकआउट केलं, एकही धाव दिली नाही. आपण 2-0 ने जिंकलो. त्या दिवशीच्या माझ्या पानावर दहा के आहेत. मी प्रत्येकाखाली एक रेघ मारलीय, असं एरवी कधी करत नाही.

बॅटिंगचं कारण असं, की तेव्हा नॅशनल लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन भागांपैकी आपल्या भागात) पिचरलाही बॅटिंग करावी लागे. अमेरिकन लीगमध्ये त्याच्या जागी वेगळा बॅटर चालत असे. 2022 पासून दोन्ही लीगमध्ये पिचरची बॅटिंग गेली. बरं झालं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ती हवी होती. नवव्या क्रमांकावर पिचर आला की मॅनेजरला ठरवावं लागे, याला खेळू द्यायचं की काढून दुसरा बॅटर पाठवायचा, आणि काढला तर पुढच्या इनिंगला पिचिंग कोण करणार. तो पेच आता राहिला नाही.

मिलवॉकीविरुद्धचा वाइल्ड कार्ड सामना आपण त्यांच्या फील्डरच्या चुकीमुळे जिंकलो, असं माझा सहकारी अजून म्हणतो. त्याला काय उत्तर देऊ? (मेरीलँड)

त्याला आठव्या इनिंगचा पूर्ण स्तंभ वाचून दाखवा. मी त्या रात्री, 1 ऑक्टोबरला, मैदानात होते.

आधी थोडं मागचं. अटलांटा आपल्या गटात पहिली आली, आपण दुसरे. त्यामुळे वाइल्ड कार्डचा एकच सामना वाट्याला आला, हरलो की घरी. सहा महिने 162 सामने खेळायचे आणि मग सगळं एका रात्रीवर. ती पद्धत मला कधी न्याय्य वाटली नाही. 2022 पासून तिथे तीन सामन्यांची मालिका आहे, तेच योग्य.

आणि आम्हा लोकांच्या मनात 2012 होतं. त्या वर्षी सेंट लुइसविरुद्ध निर्णायक सामन्यात, याच मैदानावर, आपण 6-0 ने पुढे होतो आणि 9-7 ने हरलो. त्या रात्री मेट्रोच्या डब्यात उभं राहायला जागा नव्हती, आणि कोणी एक शब्द बोलत नव्हतं. माझी मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची होती. ती फलाटावर रडली आणि परत कधी ऑक्टोबरचा सामना बघायला आली नाही. पुढे 2014, 2016 आणि 2017 लाही पहिल्याच फेरीत बाहेर. त्यामुळे 2019 ला शर्झरने पहिल्या दोन इनिंगमध्ये तीन धावा दिल्या, तेव्हा आमच्या रांगेत कोणी ओरडलंसुद्धा नाही. सगळे ओळखीच्या दुःखाची तयारी करत होते.

आठवी इनिंग सुरू झाली तेव्हा 3-1 ने मागे. समोर जॉश हेडर, डावखुरा, त्या वर्षीच्या सगळ्यात कठीण पिचरांपैकी एक. माझ्या वहीत असं आहे. रोब्लेस: के. टेलर: चेंडू अंगाला लागला, पहिल्या बेसवर. टर्नर: के. दोन बाद. मग झिमरमनला बदली बॅटर म्हणून पाठवलं. 2005 मध्ये टीम इथे आली तेव्हा तिने निवडलेला तो पहिला खेळाडू, वय 35, दुखऱ्या पायाचा. त्याची बॅट मोडली, आणि मोडक्या बॅटचा चेंडू मधल्या मैदानात अलगद पडला. त्या चौकोनात मी "मोडली" असं मराठीत लिहिलंय. रेंडनने घाई न करता चार बॉल सोडले, वॉक, म्हणजे पहिला बेस फुकट. तिन्ही बेस भरले. सोटो, वय वर्षं वीस, त्याने उजव्या मैदानात सणसणीत हिट मारला. तिथे ट्रेंट ग्रिशमच्या ग्लोव्हखालून चेंडू निसटला आणि तीन धावा आल्या. 4-3.

आता सहकाऱ्याला विचारा: ग्रिशमने चेंडू नीट अडवला असता तरी काय झालं असतं? दोन बाद असल्याने सगळे धावपटू चेंडू लागताक्षणी पळाले होते. दोन धावा बहुधा आल्याच असत्या, म्हणजे 3-3. तिसरी धाव चुकीची, हे कबूल करा. पण मोडक्या बॅटचा हिट आणि रेंडनचा तो वॉक कोणाच्या चुकीने मिळाला नाही. आणि सहाव्यापासून आठव्या इनिंगपर्यंत स्ट्रासबर्गने त्यांना एकही धाव दिली नाही, जो एरवी बुलपेनमधून कधी येतच नसे. मार्टिनेझना आपल्या बुलपेनची कमजोरी माहीत होती, म्हणून त्या ऑक्टोबरात त्यांनी सुरुवातीच्या पिचरांनाच मधे आणलं. वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यातही शर्झरनंतर कॉर्बिन आला. माझ्या मते तो महिना या एका निर्णयाने जिंकला.

ग्रिशमबद्दल शेवटचं सांगते. तो बावीस वर्षांचा होता, पहिलाच मोसम. सामन्यानंतर पत्रकारांसमोर उभा राहून त्याने चूक मान्य केली. त्याचं नाव घेताना जरा मऊ बोलावं असं मला वाटतं.

मोसमातला तुमचा सगळ्यात आवडता सामना कोणता? वर्ल्ड सिरीज सोडून सांगा. (टेक्सास)

3 सप्टेंबर, पुन्हा मेट्स. शर्झर विरुद्ध जेकब डिग्रॉम. नवव्या इनिंगच्या वरच्या अर्ध्यात मेट्सनी पाच धावा केल्या, 10-4. लोक उठून जिने उतरू लागले. मी बसून राहिले, कारण पान अर्धवट सोडवत नाही. शेवटच्या अर्ध्या इनिंगमध्ये सात धावा झाल्या. झिमरमनच्या डबलने (दोन बेसच्या हिटने) 10-8, आणि मग कर्ट सुझुकीचा तीन धावांचा होमरन. 11-10. बाहेर गेलेले लोक आरडाओरडा ऐकून रॅम्पवरून परत धावत येताना दिसत होते. माझ्या त्या चौकोनातला हिरा इतका दाबून भरलाय की पेन्सिल कागदातून आरपार गेली आहे.

वर्ल्ड सिरीजमध्ये आपल्यासमोर असलेली ह्यूस्टनची टीम खुणा चोरत होती ना? मग 2019 ला आपण चोरांना हरवलं असं म्हणायचं का? (एक वाचक)

जेवढं सिद्ध झालं तेवढंच म्हणावं. जानेवारी 2020 च्या लीगच्या चौकशी अहवालात 2017 मध्ये आणि 2018 च्या काही भागात त्यांनी कॅमेऱ्याने कॅचरच्या खुणा (कोणता चेंडू टाकायचा हे तो पिचरला बोटांनी सांगतो) चोरल्याचं म्हटलं आहे. त्यांना 50 लाख डॉलर दंड झाला, मॅनेजर आणि जनरल मॅनेजर वर्षभरासाठी निलंबित झाले. 2019 बद्दल पुरावा मिळाला नाही. आपण 107 सामने जिंकलेल्या एका जबरदस्त टीमला हरवलं, एवढं मला पुरतं.

वर्ल्ड सिरीजचे सातही सामने पाहुण्या टीमने जिंकले. असं का झालं? (न्यूयॉर्क)

असं वर्ल्ड सिरीजमध्ये पहिल्यांदाच घडलं. याचं कारण शोधू नका. ह्यूस्टनला दोन जिंकले, घरी तीनही हरलो, पुन्हा ह्यूस्टनला जाऊन दोन जिंकले. 1933 नंतर पहिल्यांदा वॉशिंग्टनमध्ये वर्ल्ड सिरीजचा सामना झाला, आणि आम्हाला तिन्ही रात्री मिळून तीन धावा बघायला मिळाल्या. त्यातल्या पाचव्या सामन्याच्या सकाळी शर्झरची मान अशी आखडली, की कपडे घालायला बायकोची मदत घ्यावी लागली. त्याच्या जागी जो रॉस उतरला. तीन दिवसांनी तोच शर्झर सातवा सामना सुरू करायला माउंडवर उभा होता.

पुढे काय झालं? रेंडन गेला, सोटो गेला, स्ट्रासबर्ग खेळूच शकला नाही. 2022 मध्ये तर 107 सामने हरलो. मग त्या एका वर्षाचा उपयोग काय? (व्हर्जिनियातले एक नाराज वाचक)

तुमची नाराजी कळते. रेंडन त्याच हिवाळ्यात कॅलिफोर्नियाला गेला. स्ट्रासबर्गला 24.5 कोटींचा करार दिला आणि दुखापतींमुळे त्यानंतर तो केवळ आठ सामने खेळू शकला. त्याबद्दल लोक त्याला वाट्टेल ते बोलतात, ते मला सहन होत नाही. 2019 च्या ऑक्टोबरात त्याने पाच सामने जिंकले. सहाव्या सामन्यात ह्यूस्टनला, हरलो की संपलं अशा रात्री, नवव्या इनिंगपर्यंत टाकत राहिला. त्या हाताने आपल्यासाठी काय दिलं ते आपण पाहिलेलं आहे. सोटोला 2022 मध्ये सॅन दिएगोला दिलं, तो निर्णय मला तेव्हाही पटला नव्हता.

उपयोग विचारता, तर पुढचं पत्र वाचा.

मी 1969 साली शिकायला वॉशिंग्टनला आलो. 30 सप्टेंबर 1971 ला सेनेटर्स या वॉशिंग्टनच्या जुन्या टीमचा इथला शेवटचा सामना बघायला मी आरएफके स्टेडियममध्ये होतो. आता डोळ्यांना नीट दिसत नाही. तुमच्याकडे 2019 च्या सातव्या सामन्याचं पान असेल तर त्याची प्रत मिळेल का? नात वाचून दाखवेल. (मेरीलँडमधले एक ज्येष्ठ वाचक)

काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्या 1971 च्या सामन्याबद्दल मी खूप वाचलं आहे, पण तिथे बसलेल्या माणसाचं पत्र येईल असं कधी वाटलं नव्हतं. तरुण वाचकांसाठी सांगते: टीम टेक्सासला चालली होती. नवव्या इनिंगला दोन बाद झालेले, यांकीजवर 7-5 ची आघाडी. एक बाद करायचा उरला असताना लोक मैदानात घुसले, कोणी माती उचलली, कोणी बेस उखडले. सामना पुरा होऊ शकला नाही, आणि नियमाप्रमाणे यांकीजना 9-0 असा दिला गेला. पुढची 33 वर्षं या शहरात टीम नव्हती.

पान आहे. 30 ऑक्टोबर 2019 ला सातवा सामना ह्यूस्टनला होता, पण नॅशनल्स पार्कमध्ये मोठ्या पडद्यावर दाखवत होते. पाऊस पडत होता. या वेळी मुलगी माझ्याबरोबर आली, सात वर्षांनी. तिने माझ्या वहीवर छत्री धरली, तरी कागद ओला झालाच. काही चौकोन फिसकटले आहेत, तेव्हा नातीला जरा जपून वाचावं लागेल.

सहा इनिंगपर्यंत आपल्या बाजूला एकच हिट दिसेल. झॅक ग्रिंकी अप्रतिम टाकत होता आणि आपण 2-0 ने मागे होतो. सातव्यात एक बाद झाल्यावर रेंडनचा होमरन, सोटोला वॉक. मग त्यांनी ग्रिंकीला काढलं. पुढचा हाउई केंड्रिक, वय 36. त्याच्या चौकोनात मी "खांब" असं लिहिलंय, कारण चेंडू उजव्या मैदानाच्या फाउल पोलवर आदळला. तो खांबाला लागला म्हणजे आत, होमरन. 3-2. पुढे आठव्यात एक, नवव्यात दोन. 6-2.

सगळ्यात खाली, नवव्या इनिंगच्या स्तंभात, मायकेल ब्रँटलीचा चौकोन नातीला शोधायला सांगा. आपल्या डॅनियल हडसनचा स्लायडर, म्हणजे ऐनवेळी वळणारा चेंडू, होता. तिथला के सरळ आहे, ब्रँटलीने बॅट फिरवली होती. त्याच्या शेजारी 3 चा आकडा आहे, तिसरा बाद. हा आकडा माझ्या अक्षरातला नाही. माझा हात थरथरायला लागला म्हणून पेन्सिल मुलीने घेतली आणि तो तिने लिहिला.

मूळ पान माझ्याकडे ठेवते, प्रत सोमवारी टपालात टाकते. मोठी करून घेतली आहे.